केशरी कार्ड, अर्धा कोयता

निघण्याआधी एक अट ऐकून घ्या. या प्रवासात तुम्हाला सगळं दिसेल, ऐकू येईल, धुराचा वास येईल, पायही दुखतील. पण घडून गेलेलं काहीच बदलता येणार नाही. पैसे घेऊ नका, भाकरी बांधू नका. आजारी माणसासाठी त्या त्या काळच्या सरकारनं रयतेला जो कागद दिला असेल, तेवढाच तुमच्या खिशात सापडेल. फिरायचं आहे बीड जिल्ह्यात. मधे दोन-चार ठिकाणी परदेशात डोकावू, पण मुक्काम इथलाच.

ऑक्टोबर १९१८. बीड गाव, पहाटेची वेळ, बिंदुसरेला पाणी नावालाच. खिसा चाचपून बघा. काही नाही. तुम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानाची रयत आहात आणि तुमच्या दुखण्याशी दरबारचा संबंध तालुक्याच्या दवाखान्यापुरता, नाहीतर यूनानी हकिमापुरता. यंदा पावसानं दगा दिलाय. बाजरी करपली, ज्वारी पेरावी इतकी ओल रानात नाही, धान्याचा भाव बाजारागणिक चढतोय. त्यात हा ताप. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला तेव्हा तीन दिवस अंग मोडून निघून जायचा. पावसाळा सरताना परतला तो माणसं घेऊन जाऊ लागला. आगगाडीनं त्यानं मोठी गावं गाठली, तिथून पुढं बैलगाड्यांच्या आणि बाजारकऱ्यांच्या सोबतीनं इथवर आला. लोक त्याला मानमोडी म्हणतात.

जाणारे म्हातारे नाहीत, हे तुमच्या लवकरच ध्यानात येतं. नांगर धरणारा गडी जातो, अंगावर पाजणारी बाई जाते. ओठ काळेनिळे पडतात, धाप लागते, दोन दिवसांत खेळ आटोपतो. गल्लीत खांदा द्यायला चार धड माणसं जमत नाहीत. पुढं १९२१ची शिरगणती होईल तेव्हा दिसेल की दहा वर्षांत संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाखांवरून १ कोटी २५ लाखांवर घसरली. त्यात तापानं किती नेले आणि दुष्काळानं किती, हे वेगळं काढणं कठीण. दोघं हातात हात घालूनच आले होते.

याच महिन्यात क्षणभर बर्लिनला चला. तिथल्या कारखान्यातल्या कामगाराच्या खिशात मात्र कागद आहे. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली कायदा झाला आणि कामगारांचा आजारविमा सक्तीचा झाला. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. मग तिथं हा ताप माणसं सोडतो का? नाही. तिथंही लाखांनी माणसं मरतायत. डॉक्टर लढाईच्या आघाडीवर आहेत, पोटं खपाटीला गेलीत, आणि या दुखण्यावरचं औषध तर जगात कुणापाशीच नाही. विम्यानं ताप अडत नाही. पण खाटेला खिळलेल्या त्या कामगाराच्या घरी आजारनिधीतून मजुरीचा निदान अर्धा हिस्सा येत राहतो. बीडमधल्या ज्या घरातला नांगऱ्या गेला, त्या घराच्या ओट्यावर तेराव्याच्या आत सावकार येऊन बसतो. तापाचं गणित एक आहे आणि तापामागून येणाऱ्या दिवसांचं गणित वेगळं. मला तुम्हाला दाखवायचंय ते दुसरं.

आता पंचाण्णव वर्षं ओलांडा. नोव्हेंबर २०१३. निजाम जाऊन पासष्ट वर्षं झाली, अंबाजोगाईला आशियातलं पहिलं ग्रामीण म्हणून मिरवणारं वैद्यकीय महाविद्यालय उभं आहे, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. खिशात हात घाला: केशरी रेशनकार्ड. आजपर्यंत त्यावर फक्त रेशन मिळायचं, या महिन्यापासून त्यावर शस्त्रक्रिया मिळणार आहे. आठ जिल्ह्यांत दीड वर्षापूर्वी सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आता सगळ्या राज्यात, म्हणजे बीडमध्येही आली. वर्षाला दीड लाखापर्यंत, घरटी. हप्ता सरकार भरणार. दवाखान्यात शिरल्या शिरल्या एक टेबल, टेबलामागं आरोग्यमित्र, त्याच्यापुढं संगणक. पुढं १ एप्रिल २०१७पासून योजनेला महात्मा फुल्यांचं नाव लागेल. शेतकरी आत्महत्यांनी गाजलेले १४ जिल्हे निवडून तिथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं जाईल. बीड त्या चौदांत आहेच. थोडक्यात, कोरोनाची महामारी यायच्या कितीतरी आधी या जिल्ह्यातलं गावाकडचं बहुतेक प्रत्येक घर कागदोपत्री विमाधारक होतं. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही न जमलेली गोष्ट आहे ही.

त्या टेबलाला मी नावं ठेवणार नाही. धारूरच्या डोंगरातल्या एखाद्या गड्याची बायपास फुकट होते, लेकराच्या हृदयाचं भोक बुजतं, हे काही थोडं नाही. पण ती यादी जरा वाचून बघा. साडेनऊशेच्या वर उपचार आहेत, आणि त्यातले बहुतेक असे की दुखणं एका माणसाचं, तारीख ठरवून करायचं, फोटो काढून मंजुरी मागवायची, मंजुरी आली की टेबलावर घ्यायचं. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात धाप लागेल असं ही यादी करणाऱ्यांच्या मनात आलं नव्हतं. आणि यादीतला दवाखाना म्हणजे अंगीकृत रुग्णालय. त्याला ठरावीक खाटा हव्यात, अतिदक्षता विभाग हवा. बीडच्या किती तालुक्यांत तसा दवाखाना होता, हे तुम्ही वडवणीत किंवा शिरूर कासारात उतरून स्वतःच बघा.

२०१९च्या उन्हाळ्यात फक्त एक थांबा. आरोग्य खात्याचे लोक ऊसतोड बायकांची नोंद घेत फिरतायत. ८२ हजार ३०९ बायका तपासल्या, त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. चौकशीला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ओसरीवर बसलेल्या एखादीला विचारा, पिशवी काढायला पैसे कुठून आणले. ती म्हणेल, "मुकादमाकून. उचल घेतली." घरात केशरी कार्ड असतं, डब्यात, लग्नपत्रिकेखाली. पण अडीनडीला हात जातो तो ऊसतोडीची टोळी बांधणाऱ्या मुकादमाच्या वहीकडं. बीडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आरोग्यविमा हाच: आधी पैसे घ्यायचे, मग सहा महिने ऊस तोडून हप्ता फेडायचा.

आता एप्रिल २०२०. टाळेबंदीला महिना होत आलाय. बीडचे मजूर सातारा-सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांच्या तळावर, पाचटाच्या कोप्यांमध्ये अडकलेत. १७ तारखेला सरकारनं त्यांना गावी सोडायचं ठरवलं. राज्यभरातले असे सव्वा लाखावर लोक आहेत. तुम्ही जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर उभे राहा. ट्रकमधून कोंबड्या, शेळ्या, भांडी, पत्र्याच्या पेट्या आणि माणसं उतरतायत. कपाळाला थर्मामीटर लावतायत, नावं लिहून घेतायत. गावानं ठरवलंय, आलेल्यांनी गावात शिरायचं नाही. शेतात, शाळेत राहायचं. हे ठरवताना गावानं माणुसकी फार पाळली असं नाही. पाण्याच्या टाकीपाशी शिव्यागाळी झाल्या. पण मे निम्मा सरेपर्यंत बीड जिल्ह्याच्या खात्यावर कोरोनाचे रुग्ण जवळजवळ नव्हते, आणि पुण्या-मुंबईत तेव्हा खाटा शोधायची वेळ आली होती.

हे कुणी केलं? नाक्यावरचा पोलीस, ग्रामसेवक, अंगणवाडीची बाई आणि आशाताई. आशाला कोरोनाच्या कामाचे म्हणून महिन्याला हजार रुपये मिळायचे, दिवसाचे तेहतीस. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा तीच ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरली. थायलंडमध्ये याच वर्षी जे झालं त्याची ही जरा फाटकी आवृत्ती म्हणायची. चीनच्या बाहेर पहिला रुग्ण सापडला तो थायलंडमध्ये, १३ जानेवारी २०२०ला. तरी सबंध वर्षात तिथं साठेकच माणसं दगावली. २००२पासून तिथं सगळ्यांना उपचारांची हमी आहे, हे खरं. पण त्याच्याही आधीपासून तालुक्या-तालुक्याला चालतं रुग्णालय आहे आणि गावागावांत मिळून दहा लाखांवर आरोग्य स्वयंसेवक आहेत. पुढच्या वर्षी कोरोनाचा डेल्टा प्रकार आला तेव्हा त्याच थायलंडमध्ये वीस हजारांवर माणसं गेली. विमा तोच होता. तेव्हा 'विमा होता म्हणून वाचले' असं कुणी ठासून सांगू लागलं की मी जरा कान टवकारतो.

२३ मे २०२०. खिशातलं कार्ड बघा, रंग कुठलाही असू दे. आज सरकारनं निर्णय काढलाय: महाराष्ट्रातल्या प्रत्येक रहिवाशाला महात्मा फुले योजनेचा लाभ, पांढऱ्या कार्डालाही. सगळ्या राज्याला विम्याखाली आणणारं हे देशातलं पहिलं राज्य अशी जाहिरातही झाली. दोन दिवस आधी खासगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले गेलेत: साध्या खाटेला दिवसाला ४ हजार, अतिदक्षतेला साडेसात हजार, व्हेंटिलेटर असेल तर ९ हजार. पीपीई किट आणि महागडी औषधं यात धरलेली नाहीत. आदल्याच वर्षी, २०१९मध्ये, राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली होती. 'तुमच्या घरात कुणाला आरोग्यविमा आहे का?' असं विचारल्यावर महाराष्ट्रातल्या पाचातल्या साधारण एकाच घरानं 'हो' म्हटलं होतं. उरलेल्यांपैकी कितीतरी घरांत कार्ड आहे, पण तो विमा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता खरा मुक्काम. इथं तुम्हाला थोडा वेळ काढावा लागेल.

एप्रिल २०२१. धारूर तालुक्यातली एक वाडी. तुम्ही भाऊ आहात आणि तुमच्या ताईच्या नवऱ्याला, दाजींना, पाच दिवस ताप आहे. मार्चअखेरीला जिल्हा दहा दिवस बंद होता, २६ मार्च ते ४ एप्रिल. त्यानंतर तर आकडे वाढतच गेले. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, टायफॉईड म्हणाला. चार दिवस त्यात गेले. त्याला सगळा दोष देऊ नका. दाजींनाच मोठ्या दवाखान्यात जायचं नव्हतं. "तिथं गेल्यावर बिल किती होतंय माहितंय का?" हे ते तीनदा म्हणाले. खिशात सर्वांना लागू असलेला विमा, आणि माणूस बिलाच्या भीतीनं चार दिवस अंगावर काढतो. सहाव्या दिवशी सिटी स्कॅन. या महिन्यात बीड जिल्ह्यात कुणी कुणाची खुशाली विचारत नाही, सरळ विचारतात, "स्कोअर किती?" पंचवीसपैकी सोळा.

गाडी आडसमार्गे अंबाजोगाईकडं निघते. ताईच्या मांडीवर दाजींचं डोकं, बोटाला ऑक्सिमीटर. ८८. ८६. परत ८८. त्या आकड्याकडं बघू नका म्हणून उपयोग नाही, तुम्ही बघणारच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात गाड्यांची रांग. नातेवाईक झाडाखाली, जिन्यात, नळापाशी. एक बाई फोनवर सांगतेय, "बेड नाई म्हणायलेत. दुसरीकडं बघा म्हणायलेत." जवळच्या लोखंडी सावरगावला वृद्धांसाठी आणि बायकांसाठी बांधलेल्या इमारती गेल्या वर्षीच कोविडसाठी उघडल्या होत्या; तिथंही हीच गर्दी. डॉक्टर दिसतो तो पंचविशीचा पोरगा, किटच्या आत घामानं भिजलेला. तो उद्धट नाही. त्याला फक्त दोनच हात आहेत.

शहरातल्या एका खासगी दवाखान्यात जागा मिळते. आधी डिपॉझिट. तुम्ही कार्ड पुढं करता. आरोग्यमित्र तरुण आहे, तोही तुमच्याच बोलीत बोलतो. "भाऊ, कार्ड चालतंय. पण पॅकेजमधी बसाय पाहिजे ना." कोविडची वीस पॅकेजं आहेत, आणि ती प्रामुख्यानं अत्यवस्थ रुग्णासाठी, व्हेंटिलेटरसाठी. ऑक्सिजनवर असलेला, पण व्हेंटिलेटरवर न गेलेला रुग्ण अनेकदा या यादीबाहेर राहतो. "व्हेंटिलेटर लागलं तर बघता येईल," तो म्हणतो. आणि तुमच्या मनात क्षणभर असं येऊन जातं, की लागू दे. दाजींची तब्येत आणखी बिघडू दे, म्हणजे फुकट होईल. तुम्ही ताईच्या नजरेला नजर देत नाही. व्यवस्था माणसाला काय विचार करायला लावते, हे मला कुठल्या अहवालात वाचायला मिळालं नाही.

ताई मंगळसूत्र सोडून बाकीचं मोडायला देते. तुम्ही रेमडेसिवीरच्या रांगेत उभे राहता. सरकारनं एका कुपीचा भाव अकराशे ते चौदाशेच्या आत ठरवलाय; त्या भावात ती कुणाला मिळते, याबद्दल रांगेत बरेच विनोद चालतात. रात्री कुणीतरी येऊन सांगतं की दवाखान्यात सिलिंडर सकाळपर्यंतच पुरतील. बीड शहरात अजून रेल्वे आलेली नाही, जिल्ह्याला ऑक्सिजन येतो तो बाहेरच्या जिल्ह्यांतून, रस्त्यानं. त्याच सुमाराला परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला, पाणी शुद्ध करायच्या कामासाठीचा ऑक्सिजन प्रकल्प उचलून अंबाजोगाईच्या रुग्णालयात आणून जोडायची धडपड चाललीये. वीज बनवणाऱ्या इंजिनियरांनी श्वास बनवायला घेतला. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं. पण जो जिल्हा सगळा विम्याखाली होता, त्याला ऑक्सिजनसाठी वीज केंद्राचं यंत्र उपसून आणावं लागलं, हेही तिथंच लिहून ठेवायला हवं. विमा कंपनीला सरकार घरटी वर्षाला ७९७ रुपये हप्ता देत होतं. त्या हप्त्यात रुग्णाचं बिल भरायची सोय होती, रुग्णासाठी खाट तयार करायची नव्हती.

६ एप्रिलला अंबाजोगाईत एकाच चितेवर आठ जणांना अग्नी दिला गेला, जागा नव्हती म्हणून. २५ एप्रिलला, रविवारी, एकाच रुग्णवाहिकेत बावीस मृतदेह भरून स्मशानात नेले. ते फोटो देशभर गेले. चौकशीचे आदेश निघाले. रुग्णालयाचं म्हणणं, आमच्याकडं गाड्याच दोन आहेत, जादा मागितल्या होत्या. तुम्ही त्या गाडीमागं उभे आहात. तिथं जे दिसलं त्याचं मी जास्त वर्णन करणार नाही. ज्यांची माणसं त्यात होती ते अजून त्याच गावात राहतात.

दाजी दवाखान्यातल्या नवव्या दिवशी जातात, पहाटे. व्हेंटिलेटर लागायच्या आधीच.

आता बिलाचा कागद घ्या आणि उलट्या बाजूला हिशेब करा. सरकारी दरानं अतिदक्षता दिवसाला साडेसात हजार. ऊसतोडीचा दर २०२०च्या वाढीनंतर टनाला सुमारे २७३ रुपये. म्हणजे खाटेच्या एका दिवसाला सत्तावीस टन ऊस. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोनेक टन तोडतो, म्हणजे दोन आठवड्यांची तोड. खाटेच्या नऊ दिवसांचा हिशेब काढला तर चार महिन्यांची तोड, म्हणजे हंगामाचा मोठा भाग. औषधं, किट, स्कॅन, गाडीभाडं अजून मांडलेलंच नाही. महिन्याभरानं, १ जून २०२१ला, सरकार लहान गावांसाठी दर कमी करेल: साधी खाट २४००, अतिदक्षता ४५००. मेच्या मध्यावर काळ्या बुरशीचे उपचार योजनेत घेतले गेले, त्यासाठी १९ पॅकेजं आली. सुधारणा होत होत्या. त्या प्रत्येक वेळी लाटेच्या मागून चालत होत्या.

इथं कुणी विचारील, एका घरावरून देशाचा न्याय कसा करायचा? रास्त प्रश्न आहे. म्हणून दोन ठिकाणी उभ्या उभ्या जाऊन येऊ.

एक, अमेरिका. तिथं महामारी आली तेव्हा अडीच कोटींवर माणसं बिनविम्याची होती, आणि टाळेबंदीत नोकरी गेली की नोकरीबरोबरचा विमाही जात होता. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये हिशेब मांडला की सगळ्यांना विमा असता तर मार्च २०२२पर्यंत तिथले ३ लाख ३८ हजार जीव वाचले असते. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण त्यामागची माणसं तुम्ही ओळखता. ती दाजींसारखीच चार दिवस अंगावर काढणारी माणसं. जिथं दारापलीकडं खाट तयार आहे, तिथं विमा हे दार उघडायची किल्ली ठरतो.

दुसरं, पेरूची राजधानी लिमा. पेरूनं २००९मध्ये सर्वांना विमा देणारा कायदा केला, महामारीच्या तोंडावर कागदोपत्री बहुतेक सगळी जनता विमाधारक होती. आणि रस्त्यावर रिकामे सिलिंडर घेऊन लोक रात्रभर रांगेत झोपलेत. अतिदक्षतेच्या खाटा नाहीत, ऑक्सिजन नाही. मे २०२१च्या शेवटी सरकारनं मृतांचा आकडा दुरुस्त केला: ६९ हजारांवरून एकदम १ लाख ८० हजारांवर. लोकसंख्येच्या मानानं जगातला सर्वांत वाईट आकडा. लिमाच्या त्या रांगेत उभे राहा, डोळे मिटा. भाषा सोडली तर तुम्ही अंबाजोगाईतच आहात.

आकडा दुरुस्त करण्यावरून आठवलं. बीडचा अधिकृत मृत्यूंचा आकडा अडीच हजारांवर गेला. पण टायफॉईड म्हणून सलाईन लागलेले, चाचणीआधीच गेलेले, घरीच गेलेले किती, ते कुठल्या वहीत नाहीत. ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनं मृताच्या वारसाला पन्नास हजार द्यायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्रात सरकारनं मोजलेल्या मृत्यूंपेक्षा जास्त अर्ज आले. ताईकडं चाचणीचा कागद आहे, म्हणून तिचा अर्ज चालेल. शेजारच्या वाडीतल्या बाईकडं नाही.

पुढंही एकदा डोकावून या: १ जुलै २०२४. आता कार्डाचा रंग कुणी विचारत नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंत, १ हजार ३५६ उपचार, केंद्राची आणि राज्याची योजना एकत्र. बर्लिनच्या त्या कामगाराच्या घरी जे यायचं, म्हणजे आजारपणातल्या बुडालेल्या मजुरीचा अर्धा हिस्सा, ते मात्र या पाच लाखांत कुठंच नाही. महात्मा फुले योजना दवाखान्याला पैसे देते, घराला नाही. शंभर वर्षांत आपण विम्याचं एक अंग उभं केलं, दुसरं अजून मुकादमाकडंच आहे.

म्हणून शेवटचा थांबा मी २०२१च्या दसऱ्याला ठेवलाय, १५ ऑक्टोबर. वाडीत मुकादम आलाय. टोळ्या बांधायचं काम चाललंय, दिवाळीच्या सुमारास गाड्या हलतील. ताई उंबऱ्याच्या आत उभी, तुम्ही ओट्यावर. उसाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस अर्धा.

"अर्ध्या कोयत्याला किती उचल?" तुम्ही विचारता.

"अर्ध्याला अर्धी. अन्‌ एकटी बाई टोळीत घ्यायची म्हंजी मलाच जोडी बघावी लागती," मुकादम म्हणतो. तो काही राक्षस नाही. दाजींच्या मातीला आला होता.

दवाखान्यासाठी उसने आणलेले पैसे शेकडा पाच रुपये महिन्यानं चढतायत. पन्नास हजारांचा अर्ज भरायचा कुठं, हे अजून तहसीलमध्येही कुणाला धड माहीत नाही. ताई आत वळून पोराला हाक मारते. पंधरा वर्षांचा आहे, नववीत. दीड वर्षात बहुतेक काळ बंद असलेली शाळा ४ तारखेला उघडली, त्याला अकरा दिवस झालेत.

"हा येईल संगं," ती म्हणते. "पुरा कोयता लिहा."

मुकादम पोराकडं एकदा बघतो, वहीत लिहितो, आणि नोटा मोजून देतो. संध्याकाळी तुम्ही ताईबरोबर सावकाराकडं जाता. व्याज आणि थोडी मुद्दल मिळून उचलीतले निम्म्याहून जास्त पैसे तिथंच जातात. उरलेल्यात तिला दोन कोयते, ताडपत्री आणि सहा महिन्यांची ज्वारी घ्यायची आहे.